आयोडीनचा माग

१९४३ सालीं न्यू यॉर्क येथील माँटेफिओरी रुग्णालयांत एक चमत्कारिक रोगी आला. त्याची थायरॉइड ग्रंथि २० वर्षांपूर्वीं, १९२३ सालीं, शस्त्रक्रियेनें काढलेली होती. असें असूनहि त्या ग्रंथीचें कार्य प्रमाणाबाहेर वाढल्याचीं लक्षणें त्याच्या ठिकाणीं स्पष्ट दिसत होतीं. झाड तोडलें तरी फळें येतच राहावीं, असाच हा प्रकार होता! मग ग्रंथीचा रस निर्माण तरी कोठें होत होता?

डॉ. सायडलिन व त्यांचे सहकारी यांनीं त्यास किरणोत्सर्गी आयोडीन पाजलें आणि गायगर गणकयंत्र त्याच्या अंगावरून फिरविलें. जेथें जेथें यंत्राची टिकटिक वाढली, तेथें तेथें थायरॉइडच्या कर्करोगाच्या पेशी जाऊन वसल्या होत्या, आणि दूरदेशींहि आपला जुना धंदा चालवीत होत्या. पुढें याच आयोडीननें त्याच्यावर उपचार झाले. रोग समूळ गेला नाहीं. पण रोग्यास पुष्कळ आराम पडला. ही हकीकत १९४६ सालीं प्रसिद्ध झाली.

यांतील मर्म असें कीं, थायरॉइड ग्रंथि आपला रस बनविण्यासाठीं रक्तांतील आयोडीन वेंचून घेते. तिच्यापासून उद्भवलेल्या कर्करोगाच्या पेशी फुप्फुसांत वा हाडांत गेल्या, तरी पुष्कळदां त्यांची ही संवय सुटत नाहीं. १९३८ सालीं लिव्हिंगूड व सीबोर्ग यांनीं शोधलेलें आयोडीन-१३१ सुमारें ८ दिवसांत निम्में होतें. त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर येऊन रोगाचा ठावठिकाणा सांगतात, तर बीटा किरण जागच्या जागींच रोगी पेशी जाळतात. हेर आणि शिपाई एकच!

पुढें कॅसन यांच्या यंत्रानें या किरणांचा नकाशा ओळीओळीनें काढतां येऊं लागला, व अँगर यांच्या कॅमेऱ्यानें तेंच चित्र एकदम मिळूं लागलें. मुंबईस १९६३ सालीं रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें.

परीक्षेपूर्वीं पेशी आयोडीनसाठीं भुकेल्या असाव्या लागतात. म्हणून कांहीं दिवस आयोडीनयुक्त मीठ व समुद्रांतील मासे वर्ज्य करावे लागतात. थायरॉइडच्या गोळ्या वैद्यांच्या सल्ल्यानें थांबवितात, किंवा त्याऐवजीं विशिष्ट इंजेक्शनें देतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस हें आयोडीन देत नाहींत.

चित्र वाचण्यासहि जाणती दृष्टि लागते. लाळेच्या ग्रंथी, जठर व मूत्राशय हीं निरोगी असतांहि उजळ दिसतात. उलट, कांहीं पेशी जसजशा उग्र होतात, तसतशी त्यांची आयोडीनची भूक मरते. चित्र कोरें असलें तरी रक्तांतील थायरोग्लोब्युलिन वाढतें असेल, तर रोग लपला आहे अशी शंका घ्यावी लागते. अशा वेळीं किरणोत्सर्गी साखर देऊन पेट यंत्रानें निराळें चित्र घेतात. कारण आयोडीन सोडलेल्या पेशींस साखरेचा मोह बहुधा सुटत नाहीं, आणि जी भूक त्यांना पोसते, तीच अखेर त्यांचा पत्ता देते.