फुफाट्यात भाजलेले बटाटे

निवडणीत निघालेल्या बारीक बटाट्याला आपल्या नगरच्या बाजारात भाव येत नाही. तो घरी खा. भाकरी झाल्यावर चुलीत फुफाटा उरतो, वेगळे जळण लागत नाही. लिंबाएवढे बटाटे सालीसकट धुऊन कोरडे करा. सुरीने दोन टोचे मारा, म्हणजे वाफ कोंडून ते फुटणार नाहीत. फुफाट्यात अर्धा तास पुरा, मधे एकदा परता. काडी सहज आत गेली की झाले. राख झटका, सोला, मीठ-चटणी लावा.

मात्र उन्हाने हिरवे पडलेले, मोड आलेले बटाटे पोराबाळांना देऊ नका. त्यातले सोलानिन हे विष भाजून जात नाही. बटाटा अंधारात, हवेशीर जागी साठवा.