परगांवचा विद्यार्थी

लातूरच्या गंजगोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात. पूर्वीं या रस्त्यांनीं शहरांत येई तें मुख्यत्वें धान्य. आतां दहावीचा निकाल लागला, कीं येथें निराळीच आवक सुरू होते. पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी आणि त्यांच्यामागून चालणारें पंधरा-सोळा वर्षांचें मूल. बरोबर वडील आणि बहुधा मामा, कारण खोली ठरवावयाची तर व्यवहार जाणणारें माणूस हवेंच. नांदेडासहि त्या दिवसांत हाच देखावा दृष्टीस पडतो.

या लौकिकाचें मूळ शोधूं गेल्यास तें १९७० सालीं निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयापर्यंत पोंचतें. डॉ. जनार्दन वाघमारे हे तेथील पहिले प्राचार्य. जादा तास, पुनःपुन्हां चाचण्या, आणि चुकलेलें उत्तर विद्यार्थ्यासमोर बसून उलगडून दाखविणें, एवढेंच त्या 'लातूर पॅटर्न'चें रहस्य. त्यांत जादू नव्हती. शिक्षकांची मेहनत मात्र होती. पुढें ही पद्धति खासगी वर्गांनीं उचलली. चाचण्या त्यांनीं घेतल्या खऱ्या. समोर बसणें तेवढें सर्वत्र साधलें नाहीं, कारण एकेका वर्गांत शेंकड्यांनीं मुलें बसूं लागलीं.

मुलें येथें हौसेनें येतात असें मात्र कोणीं समजूं नये. वैद्यकीय प्रवेशांत २०२० पर्यंत सत्तर-तीसचा प्रादेशिक वांटा होता. ज्या विभागांत महाविद्यालय, तेथील मुलांस सत्तर टक्के जागा. मराठवाड्यांत अशीं महाविद्यालयें थोडीं. तेव्हां येथील मुलास अधिक गुण मिळवूनहि मागें राहावें लागे. तो वांटा गेला, तरी ७२० गुणांच्या त्या एका परीक्षेवर साऱ्या घराची दृष्टि खिळलेली असते. कित्येकांच्या खोलीभाड्यामागें विकलेलें सोयाबीन असतें.

दिनक्रम म्हणावा तर सरळ आहे. पहांटे उठणें, महाविद्यालय, मग शिकवणीचे वर्ग, सायंकाळीं अभ्यासिका. जेवण खाणावळीच्या डब्याचें. २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, तेव्हां टँकरची वाट पाहणें हाहि त्या वेळापत्रकाचा भाग झाला होता. रात्रीं घरून फोन येतो.

"जेवलास कां रे?"

"जेवलों."

"अभ्यास?"

"चालू आहे."

आई एवढ्यावर समाधान मानते, कारण दुसरें काय विचारावें तें तिला सुचत नाहीं. मुलगाहि अधिक बोलत नाहीं; घरचें कर्ज त्यास ठाऊक असतें. चाचणींत गुण घसरले, हें बहुधा त्याच्या आधीं वडिलांच्या फोनवर पोंचलेलें असतें. गांवांतील शाळेंत जो सदैव पहिला, तो येथें दोनशेंवा झाला म्हणजे त्याच्या मनाचें काय होतें, हें त्या संदेशांत लिहिलेलें नसतें.

सरकारला हें दिसत नाहीं असें नाहीं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानें जानेवारी २०२४ मध्यें मार्गदर्शक नियम काढले: सोळा वर्षांखालील मुलांस शिकवणीवर्गांत घेऊं नये, दिवसांत पांच तासांहून अधिक शिकवूं नये, आठवड्यास एक सुटी द्यावी. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेंत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणें टाळावें. हें शेवटचें सांगणें सर्वांत कठीण. कारण वरच्या तुकडींत बसणें हीच तर मुलांची आणि पालकांचीहि आकांक्षा.

तोंवर खरा आधार भलतीकडेच सांपडतो. खाणावळवाल्या मावशींना पुस्तकांतलें कांहीं कळत नाहीं, परंतु डबा कोणत्या खोलीचा आणि त्यांत काय उरलें, हें त्यांना बरोबर कळतें. सतत दोन दिवस भाजी तशीच परत आली, तर तिसऱ्या दिवशीं त्या पोऱ्याच्या हातीं डबा न देतां स्वतःच जिना चढतात. ज्या इमारतींत अशा मावशी नाहींत, तेथील मुलांनीं व पालकांनीं १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. २०२२ सालीं सुरू झालेली ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, रात्रींहि चालू असते, आणि तेथें मराठींत बोलतां येतें.