शिरस्त्राणाचा खटका



मध्ययुगीन युरोपातील सरदार म्हटला की पोलादाने मढलेली एक मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. त्या पोलादाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र त्यावरील बोटभर वस्तूंविषयी : शिरस्त्राणाच्या बिजागऱ्या, कड्या, आकडे आणि खटके यांविषयी.

चेहरा झाकावा तर श्वास कोंडतो, उघडा ठेवावा तर जीव जातो, असा हा पेच आहे. २१ जुलै १४०३ रोजी इंग्लंडात श्रूजबरीची लढाई झाली. पुढे पाचवा हेन्री म्हणून गाजलेल्या कोवळ्या राजपुत्राच्या तोंडावर तीत बाण लागला आणि बाणाचे टोक आत खोल रुतून बसले. जॉन ब्रॅडमोर या शस्त्रवैद्याने मुद्दाम हत्यार घडवून ते बाहेर काढले, म्हणून राजपुत्र वाचला. त्याच रणात विरुद्ध बाजूचा हेन्री पर्सी पडला. वाऱ्यासाठी त्याने मुखपट उचलला आणि तेवढ्यात बाण लागला, असे परंपरेने सांगतात.

तेव्हा कारागिराला साधायचे होते ते हे, की शत्रूने कितीही ठोकले तरी उघडू नये आणि धन्याने बोट लावताच उघडावे. आपल्या दाराच्या कडी-कोयंड्याकडून आपण याहून निराळे काय मागतो?

१४व्या शतकातील टोपाच्या खालच्या काठाने लहान लहान कोयंडे बसवीत. साखळ्यांची गळझालर ज्या चामडी पट्टीला शिवलेली असे, तिची भोके या कोयंड्यांवर चढवायची आणि कोयंड्यांतून दोरी ओवायची. दोरी ओढली की झालर सुटली. मुखपटाच्या बिजागरीची खिळीही पुष्कळदा काढता येई. १५व्या शतकात मिलानच्या कारागिरांनी गालपट्ट्यांना बिजागऱ्या लावल्या. शिरस्त्राण मानेपाशी डोक्याहून अरुंद. ते कपाटासारखे उघडल्याशिवाय डोके आत जाणार कसे? गालपट्ट्या उघडायच्या, डोके घालायचे आणि हनुवटीपुढे त्या मिटायच्या. १६व्या शतकात मुखपट आणि हनुवटीचे कवच ही दोन्ही कानशिलांवरील एकाच जोडखिळीवर फिरू लागली, आणि मानेशी आकडा अडकू लागला.

हे काम दिसते सोपे, पण आजही जे हौशी कारागीर अशी शिरस्त्राणे घडवितात त्यांची परीक्षा येथेच होते. दोन्ही कानशिलांवरील खिळ्या एका सरळ रेषेत हव्यात. एक जरा वरखाली झाली की मुखपट एकीकडे घासतो, दुसरीकडे फट पडते. पत्रा गोलाईचा, पण बिजागरीची खिळी सरळच हवी. म्हणून पाकळ्यांना गोलाई द्यावी लागते. खटक्यासाठी पोलादाची पातळ पट्टी घेतात. ती लाल तापवून विझवितात, मग पुन्हा बेताने तापवून तिचा ठिसूळपणा घालवितात. पट्टीचे एक टोक आतून रिव्हेटने जखडतात. दुसऱ्या टोकावरील गुंडी भोकातून बाहेर डोकावते. गुंडी दाबली की पट सुटतो. पट्टी फार कडक राहिली तर मोडते, फार मऊ झाली तर वाकून तशीच राहते. ग्रिनिचच्या राजेशाही चिलखतखान्यात हातोडा चालविणाऱ्यांबरोबर कुलपे करणारा कारागीरही असे, तो काही उगाच नव्हे.

३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये राजकन्येच्या विवाहोत्सवात फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भालाझुंजीत उतरला. प्रतिस्पर्धी माँगॉमेरीचा भाला मोडला आणि त्याच्या ढलप्या मुखपटाच्या आत डोळ्यापाशी शिरल्या. मुखपट नीट अडकविलेला नव्हता असे कोणी म्हणतात, तडाख्याने तो उचलला गेला असे कोणी म्हणतात. दोन्ही बाजूंचे बोट खटक्याकडेच जाते. व्हेसॅलियससारखा शरीरशास्त्रज्ञ उशाशी असूनही १० जुलैला राजा वारला. गादीवर १५ वर्षांचा मुलगा आला, आणि १५६२ पासून फ्रान्स धर्मयुद्धांत होरपळला. त्या युद्धांची कारणे खोल होती, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांना आवर घालू शकणारा प्रौढ राजा त्या घडीला उरला नव्हता.

पदार्थसंग्रहालयात शिरस्त्राण पाहाल तेव्हा त्यावरील सोनेरी नक्षी अवश्य पाहा. मग थोडे बाजूला होऊन कानशिलावरची खिळी आणि मानेवरचा आकडाही पाहा. नक्षीवर बहुधा राजाचे चिन्ह असते. आकड्यावर कोणाचेच नाव नसते. राजाचा जीव मात्र त्या निनावी कारागिराच्या हाती होता.