न ऐकण्याची मोकळीक



संध्याकाळच्या गर्दीत मध्य रेल्वेच्या फास्ट लोकलमध्ये कानावर पडणारे प्रश्न ठरलेले असतात. ‘ही मुलुंडला थांबते का?’, ‘घाटकोपर कुठल्या बाजूला येतं?’ आणि बसलेल्या माणसाच्या समोर नीट उभं राहून विचारलेला ‘तुम्ही कुठे उतरणार?’ हा तिसरा प्रश्न वरवर चौकशीचा वाटला तरी तो जागेवर लावलेला नंबर असतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. एसटी स्टँडवर ‘चौकशी’ अशी पाटी लावलेली खिडकी असते, आत माणूसही बसलेला असतो. तरी गाडी लागली का, हे लोक शेजारी पिशवी घेऊन उभ्या असलेल्यालाच विचारतात. सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग कुठली, बँकेच्या स्लिपवर रक्कम अक्षरी कुठे लिहायची, हे प्रश्नही असेच. पावसाळ्याच्या तोंडाशी ठाणे-वसईच्या बाजारात भाजीसाठी रानातली शेवळं येतात. ज्याच्या घरात ती कधी शिजली नाहीत असं गिऱ्हाईक विकणाऱ्या बाईंना हमखास विचारतं, ‘मावशी, ही करायची कशी?’ मावशी जुडीबरोबर मूठभर काकडाची फळं पिशवीत टाकतात आणि बजावतात, ही घातल्याशिवाय करू नका, घसा खाजेल. एवढी मोलाची माहिती दोन वाक्यांत मिळते, आणि गिऱ्हाईक मावशींचं नावसुद्धा न विचारता पुढे जातं.

हे झाले हलके प्रश्न. पण तितक्याच सहजपणे माणसं अनोळखी माणसांना जड प्रश्नही विचारतात. मुलीला सायन्सला घालावं की कॉमर्सला, भावाने जमिनीच्या वाटणीत फसवलं तर कोर्टात जावं का, लग्नाला चार वर्षं झाली तरी नवऱ्याशी बोलणं होत नाही, काय करू? असे प्रश्न वर्तमानपत्रांकडे येतात, रेडिओकडे येतात, मदतीच्या फोन नंबरांवर येतात, आणि रात्रीच्या गाडीत समोरच्या बर्थवरच्या प्रवाशापुढेही मांडले जातात. यावर एक स्पष्टीकरण आपण नेहमी ऐकतो. एकत्र कुटुंबं मोडली, शेजारधर्म संपला, शहरात माणूस एकटा पडला, म्हणून तो परक्यापुढे मन मोकळं करतो. हे स्पष्टीकरण ऐकायला बरं वाटतं, पण पुराव्याला उतरत नाही. माझं म्हणणं उलट आहे. परक्याला विचारण्याची गरज भरल्या घरातल्या माणसालाच जास्त असते. कारण परक्याच्या सल्ल्यात एक सोय असते, जी घरच्या सल्ल्यात क्वचितच मिळते: तो न ऐकण्याची मोकळीक.

पुराव्यासाठी फार लांब जायला नको. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै 1927 मध्ये मुंबईत सुरू केलं आणि 1953 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत एकहाती चालवलं. संततिनियमनाचं जे काम त्यांनी हाती घेतलं होतं, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, पण काम सुटलं नाही. या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली जात, आणि प्रश्न असत शरीराचे, शय्यागृहाचे, आपण जे करतो ते पाप आहे की रोग आहे अशा भीतीचे. आता हे वाचक कोण होते याचा विचार करा. त्या काळात घरात आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडं, विधवा आत्या, झालंच तर शिकायला आलेला गावाकडचा भाचा, अशी पंधरा-वीस माणसं एका छपराखाली राहणं ही सर्वसाधारण गोष्ट होती. सल्ला द्यायला माणसांची वाण नव्हती. उलट, तीच अडचण होती. पंधरा माणसांच्या घरात एकाला विचारलेला प्रश्न रात्रीच्या पंगतीपर्यंत सगळ्यांच्या कानी जातो. म्हणून कधी न भेटलेल्या संपादकाला पाकीट धाडायचं.

1934 मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून कर्व्यांवर दुसऱ्यांदा खटला झाला, तो वाचकांच्या अशाच खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला. पण त्या खटल्यातली एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. प्रश्न कर्व्यांनी रचलेले नव्हते, ते लोकांच्या मनात आधीपासून होते. एखादा तरुण रात्र रात्र जागून ज्या गोष्टीला भीत होता, तिला छापील उत्तर मिळणं हा समाजाच्या लेखी गुन्हा ठरला. घरात विचारायची सोय नाही आणि बाहेर विचारलं तर उत्तर देणाऱ्यावर खटला, अशी ती कोंडी होती. पुढे जवळजवळ सत्तर वर्षांनी, 2005 पासून, डॉ. महिंदर वत्स मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात याच जातीच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागले, तेव्हा ते स्वतः ऐंशी पार केलेले होते. उत्तरं मिश्कील, नेमकी, दोन-तीन ओळींची. भाषा बदलली, शतक बदललं, विचारणाऱ्यांची भीती मात्र बरीचशी तीच होती.

आणि हा प्रकार आपल्याकडचाच म्हणावा तर तसंही नाही. लंडनमध्ये 1691 साली जॉन डंटन या प्रकाशकाने ‘अथेनियन मर्क्युरी’ नावाचं पत्र काढलं. वाचकांनी नाव न देता प्रश्न पाठवायचे आणि एका विद्वन्मंडळाने उत्तरं द्यायची अशी योजना. विद्वन्मंडळ म्हणजे प्रत्यक्षात डंटन आणि त्याचे दोन-तीन सोबती. प्रश्न ग्रहताऱ्यांचे आले, बायबलचे आले, आणि पाठोपाठ लग्नाचे नि प्रेमाचेही आले. यंत्रयुग तेव्हा सुरूही झालं नव्हतं. तेव्हा आधुनिक शहरी एकाकीपणावर या सवयीचा दोष ढकलता येत नाही.

मग माणूस परक्याकडे का जातो? गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने 1908 मध्ये परक्या माणसावर एक छोटं टिपण लिहिलं. आपल्यात वावरणारा पण आपल्या गोतावळ्यात न गुंतलेला जो माणूस असतो, त्याला लोक अशा गोष्टी सांगून मोकळे होतात ज्या जवळच्यांपासून जपून लपवलेल्या असतात, असं त्याचं निरीक्षण होतं. मला यात आणखी एक कारण दिसतं. आपल्या माणसाचा सल्ला फुकट नसतो. मामांना विचारलं आणि मामांचं ऐकलं नाही, की पुढच्या लग्नकार्यात मामा सगळ्यांसमोर म्हणणार, ‘ऐकायचंच नव्हतं तर विचारलंस कशाला?’ ऐकलं नाही आणि काम बिघडलं, तर ‘तरी मी सांगत होतो’ हे आयुष्यभर. ऐकलं आणि काम साधलं, तर श्रेय मामांचं. म्हणजे कुठल्याही बाजूने गेलात तरी तुमच्या निर्णयात मामांचा वाटा कायमचा. लोकलमधल्या माणसाचं तसं नाही. तो घाटकोपरला उतरून जातो आणि त्याचा सल्ला घ्यायचा की टाकायचा, हे तुमच्याकडे उरतं.

यावर कुणी म्हणेल, सल्ला टाकायचाच असेल तर मागायचा कशाला? माणूस सल्ला कसा वापरतो याचे प्रयोग झालेले आहेत. इलान यानिव आणि एली क्लाइनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना ऐतिहासिक घटनांची सालं अंदाजाने सांगायला लावली, मग दुसऱ्याचा अंदाज दाखवला आणि हवं तर आपलं उत्तर बदला म्हटलं. लोकांनी बदललं, पण थोडंसंच. वजन स्वतःच्या मूळ अंदाजालाच जास्त दिलं. त्या थोड्याशा बदलानेही उत्तरं आधीपेक्षा अचूक झाली. तेव्हा सल्ला पूर्ण पाळला जात नाही म्हणून तो वाया जातो असं नव्हे. शिवाय परक्याला सांगायचं तर गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. बायकोला ‘आज परत साहेबांनी तेच केलं’ एवढं पुरतं. अनोळखी माणसाला साहेब कोण, तेच म्हणजे काय, आणि यात माझं काय चुकलं, हे सगळं ओळीने मांडावं लागतं. पोस्टकार्डाच्या काळात तर ते पंधरा ओळींत बसवावं लागे. तसं मांडता मांडता पुष्कळदा लिहिणाऱ्यालाच कळून चुकतं की आपण विचारायला निघालो होतो तो प्रश्न वेगळाच होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. परका माणूस आपल्याला ओळखत नाही, आपली परिस्थिती जाणत नाही. तो काय कपाळ सल्ला देणार? हे पुष्कळ प्रश्नांच्या बाबतीत खरं आहे. मुलीला कुठल्या शाखेला घालावं, याचं उत्तर त्या मुलीला न पाहता देणारा माणूस हवेत बोलत असतो. गोळी अर्धी घ्यायची की पूर्ण, हे औषधाच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्याला विचारू नये, हे सांगायलाही नको. पण ओळख नसण्याचा एक फायदाही असतो. आपल्याला जे ठाऊक आहे तेच आपल्या जवळच्यांनाही ठाऊक असतं, कारण आपण आणि ते एकाच वर्तुळात फिरतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं, या नोकरीची खबर तुम्हाला कुणी दिली? ज्यांना ती कुणा माणसाकडून लागली होती, त्यांच्यातल्या शेकडा 17 जणांनाच खबर देणारा माणूस तेव्हा वारंवार भेटत असे. साधारण 56 जणांना तो अधूनमधून भेटे आणि 28 जणांना क्वचितच. 1973 साली हे आकडे प्रसिद्ध झाले. हे खबर देणारे अगदी अनोळखी नव्हते, हे मान्य. पण दिशा स्पष्ट आहे: नवी माहिती वर्तुळाच्या कडेवरून येते. शेवळं कशी करायची, हे आपल्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नसतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. परक्याला जबाबदारी नसते. चुकीचा रस्ता दाखवला तरी तो उद्या आपल्याला भेटणार नसतो. ‘माहीत नाही’ म्हणणं कमीपणाचं वाटून ‘सरळ जा, मग डावीकडे’ असं ठोकून देणारी माणसं प्रत्येक गावात भेटतात. त्याहून वाईट म्हणजे, ज्याचा आपल्याकडून फायदा होतो तोही तटस्थ परक्याचं सोंग घेऊन येतो. आरटीओच्या फाटकाबाहेर ‘काय काम आहे साहेब?’ म्हणून आपणहून चौकशी करणारा माणूस परोपकारासाठी उन्हात उभा नसतो. फोनवर ‘तुमचं खातं बंद होणार आहे’ म्हणून काळजीने सांगणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. पण नीट पाहिलं तर या फसवणुकीतला घातक भाग परकेपणा नाही. हे दोघेही तुम्हाला नाही म्हणण्याची उसंत देत नाहीत: आत्ताच्या आत्ता सही करा, आत्ताच ओटीपी सांगा. एकाच गोष्टीची घाई करणारा माणूस सल्ला देत नसतो. आपण त्याच्या तावडीत सापडलेले असतो.

हीच कसोटी शेतीला लावून पाहा. 2003 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीने शेतकरी कुटुंबांना विचारलं होतं, शेतीच्या नव्या तंत्राची माहिती तुम्हाला मिळते कुठून? निम्म्याहून अधिक कुटुंबांना ती कुठूनच मिळत नव्हती. ज्यांना मिळत होती त्यांत पहिला नंबर प्रगतिशील शेतकऱ्याचा, शंभरांत सुमारे 17 कुटुंबं. त्याखालोखाल बी-बियाणं नि औषधं विकणारा दुकानदार, सुमारे 13. आणि जवळजवळ तितकाच, 13, रेडिओ. गावोगाव जाणं हेच ज्याचं काम, तो सरकारी विस्तार कर्मचारी सहाच्याही खाली. वर्षभराने, जानेवारी 2004 मध्ये, किसान कॉल सेंटर सुरू झालं. सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. कापसावर ही पांढरी माशी आहे का, पाऊस कधी, भाव काय, हे कुणा अनोळखी शेतीतज्ज्ञाला विचारावं आणि पटलं नाही तर फोन ठेवून द्यावा, इतकं ते सुटसुटीत आहे. रेडिओही बंद करता येतो. दुकानदाराचं मात्र तसं नाही. तो गावातलाच, नावाने ओळखणारा, मुलीच्या लग्नाला आलेला, आणि मुख्य म्हणजे उधारीवर माल देणारा. फोनवरून औषधाचं नाव कागदावर लिहून घेतलेला शेतकरी त्याच्याच काउंटरवर जातो. कागद बघून दुकानदार म्हणतो, ‘ते राहू द्या, हे घेऊन जा, हे चांगलं आहे.’ मागची बाकी वहीत असलेल्या माणसाला त्यावर ‘नको’ म्हणता येत नाही. त्याला फोनवर मिळालेलं उत्तर बरोबर होतं, त्याला ते समजलंही होतं. वेळेवर मिळालेलं पीककर्ज खिशात असतं, तर त्याने ते वापरलंही असतं.