राखणदार गुंगला म्हणजे

श्रोतेहो, पेम्फिगस हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले नसेल. आधी तोंड येते, ते महिनोन्‌महिने बरे होत नाही. मग अंगावर पाण्याचे फोड उठतात, फुटतात, कातडी सोलून निघते. लोक म्हणतात, करणी केली. करणीबिरणी काही नाही, आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. राखणीला ठेवलेल्या गड्याने मालकाच्याच उभ्या पिकावर कोयता चालवावा, तशी शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच कातडीवर उठते.

१९५० च्या सुमारास स्टिरॉइड औषधे हाती आली. त्याआधी यातले बहुतेक रोगी दगावत. आता बहुतेक जगतात. पण ही औषधे राखणदाराला गुंगी देतात, आणि तो गुंगला की चोरांचे फावते. आज या रोग्यांना मोठे भय आहे ते या चोरांचे.

चोर पुष्कळदा घरातलेच असतात. छातीत वर्षानुवर्षे दबून राहिलेला क्षय डोके वर काढतो. जिभेवर पांढरी बुरशी धरते, कमरेवर नागीण उठते. शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावा तो एक बारीक जंत. नाव स्ट्राँगिलॉइडिस, नाव विसरलात तरी चालेल, पण त्याची वाट विसरू नका. माणसाची विष्ठा मिसळलेल्या ओल्या मातीतून, अनवाणी पायाच्या कातडीतून त्याची अळी आत शिरते. मग तो पोटातल्या पोटात आपली वंशवेल चालवतो, अगदी वीस-वीस वर्षे, आणि माणसाला पत्ताही नसतो. स्टिरॉइड सुरू झाले की अळ्या आतड्यातून फुप्फुसात आणि सर्व अंगभर पसरतात. मग जीव वाचवणे कठीण. आधी कळले तर तो साध्या औषधाने जातो! शौचाच्या एका तपासणीत तो सापडेलच असे नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तुम्हीच सांगा: मी अनवाणी राबतो, घरात अमक्याला क्षय झाला होता.

या गोळ्यांनी तापही दबतो. तेव्हा नुसती कणकण आली तरी त्याच दिवशी दाखवा. मात्र घाबरून गोळ्या मनाने बंद करू नका. एकाएकी सोडल्याने जिवावर बेतते.

आणि गुरुजी, वर्गात कांजिण्या आल्या आणि एखाद्या मुलाची आई या गोळ्या घेत असेल, तर तिला निरोप धाडा. तिला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तर पुरळ उठण्याआधीच तिने दवाखाना गाठावा. तेवढ्या मुदतीत उपाय करता येतो. नाहीतर नवे फोड उठले, तरी ते जुन्या दुखण्याचेच समजून घरचे लोक स्वस्थ बसतात.