उत्तरायुष्यातील स्वरसाधना आणि ज्ञानदान



आपल्या धर्मात आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान असे चतुर्विध दान सांगितले आहे. पहिल्या तीन दानांची संधी परिस्थितीनुसार लाभते. चौथे दान मात्र वय वाढत जाईल तसे अधिक समृद्ध होते. स्त्रीच्या उत्तरायुष्याचा विचार या ज्ञानदानाच्या दृष्टीने, आणि त्यातही संगीताच्या अंगाने, करणे आजच्या प्रसंगी उचित ठरेल.

ठाण्यातील टेंभीनाक्याचे श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालय ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून सर्वपरिचित आहे. श्रीपाल राजा ठाण्यास आला होता, अशी परंपरेची श्रद्धा आहे. कुष्ठरोगी पती वाट्याला आला असताही मयणासुंदरीने नवपदावरील श्रद्धा ढळू दिली नाही. तिच्या या कथेचा ‘श्रीपाल राजाचा रास’ चैत्र व आश्विन महिन्यांतील आयंबिल ओळीच्या नऊ दिवसांत भक्तिभावाने गायला जातो. उपाध्याय विनयविजयजींनी विक्रम संवत 1738 मध्ये रांदेर येथे या रासाच्या रचनेस आरंभ केला. रचना अपूर्ण असतानाच ते कालधर्म पावले आणि उपाध्याय यशोविजयजींनी ती पूर्ण केली. एकाने आरंभिलेले दुसऱ्याने पूर्णत्वास नेले, म्हणूनच हा ठेवा आपल्यापर्यंत पोहोचला.

या रासाच्या ढाळी निरनिराळ्या देशींमध्ये बांधलेल्या आहेत. ग्रंथात शब्द मिळतात आणि ढाळीच्या आरंभी देशीचे नाव मिळते. प्रत्यक्ष चाल मात्र गळ्यातूनच गळ्यात जाते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कितीतरी घरांत ती चाल आज आजीच्या स्मरणात आहे. तो आवाज थकण्यापूर्वी ती कोणी आत्मसात करील का, हाच खरा प्रश्न आहे.

या संदर्भात गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे जीवन मननीय आहे. त्यांचा जन्म 15 जुलै 1904 रोजी गोव्यातील कुर्डी गावी झाला. मुलीने मोठी गायिका व्हावे, हा मातोश्री जयश्रीबाईंचा ध्यास होता. परंतु मोगूबाईंच्या बालपणीच त्यांचे छत्र हरपले. नाटक मंडळीत काम करीत त्या सांगलीस आल्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांची तालीम त्यांना लाभली. पुढे ही तालीम मध्येच खंडित झाली, तरी निष्ठा खंडित झाली नाही.

संसारातही अकाली वैधव्य आले. कन्या किशोरी त्या वेळी लहान होती. मुलांचे संगोपन, घरखर्च आणि साधना हे सर्व मोगूबाईंनी एकटीने सांभाळले. त्यांची शिस्त कठोर होती. आई स्थायी आणि अंतरा दोनदाच गाऊन दाखवीत असे, तिसऱ्यांदा नाही, असे किशोरीताई आमोणकर सांगत असत. ऐकणाऱ्याने एकाग्र व्हावे, हाच त्यामागचा संस्कार. कन्येबरोबरच कमल तांबे, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर यांनाही त्यांनी मुक्तहस्ते विद्या दिली. 1974 मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांना पद्मभूषण लाभले. 10 फेब्रुवारी 2001 रोजी, 96 वर्षांच्या झाल्यावर, त्यांनी देह ठेवला.

कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेवढे दिवस गावाचे अवशेष दिसतात. जन्मभूमी अशी पाण्याखाली गेली, पण मोगूबाईंचे गाणे टिकले; कारण ते अनेक कंठांत ठेवलेले होते. किशोरीताई 2017 मध्ये निवर्तल्या, तरी त्यांची नात तेजश्री आमोणकर यांच्या गायनात तीच परंपरा पुढे चालू आहे.

प्रत्येक घरात मोगूबाई जन्मत नाहीत. परंतु आईची इच्छा, लेकीचे कष्ट आणि नातीचा गळा ही साखळी कोणत्याही घरात जुळू शकते. वृद्धत्वाचे मोठे दुःख म्हणजे आपली आता कोणाला गरज नाही, ही भावना. नातवंडे शिकवणीत आणि सून लोकलच्या वेळापत्रकात गुंतलेली असते. अशा घरात आजीला वेळेवर जेवण आणि औषध मिळते. तिच्याजवळ असलेले मागायला मात्र कोणी येत नाही. तिचा आवाज कापरा झाला असेल, वरचा स्वर लागत नसेल, तरी चाल शुद्ध असते.

म्हणून येत्या ओळीत प्रत्येक कुटुंबाने एक छोटा नियम घ्यावा. रोज आयंबिलनंतर अर्धा तास नातवंडांनी आजीजवळ बसावे आणि एक ढाळ तिच्या मागून म्हणावी. मोबाईलवर ध्वनिमुद्रण अवश्य करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. यंत्र चाल जपून ठेवील. चुकलेला स्वर प्रेमाने सुधारण्याचे काम आजीच करू शकते.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात वास्तूचा आणि निधीचा हिशेब होणे योग्यच आहे. त्याबरोबर किती ढाळी एका पिढीकडून दुसरीकडे गेल्या, याचीही नोंद व्हावी. देणाऱ्या श्राविका आज आपल्यात आहेत, तोवरच हे ज्ञानदान घडू शकेल.

जय जिनेंद्र!