शिकवणाऱ्यालाही रिफ्रेशर हवा
(युनियनच्या अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय आहे शाळेतील विज्ञान शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक यांचे प्रशिक्षण. विषय कळला तेव्हा काही साथींनी विचारले, पेन्शनचा प्रश्न लोंबकळत असताना, खासगीकरण दारात उभे असताना, आपण शाळेत कशाला शिरलो? प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर असे की आपल्या मुलांना विज्ञान शिकवणारा शिक्षक आणि त्याला बाटल्या, नळ्या मांडून देणारा सहायक, हे दोघेही पगारावर जगणारे कामगारच आहेत. कामगाराला आपले काम नीट शिकायला मिळते की नाही, हा युनियनचा प्रश्न आहे.

आपल्या खात्यांकडे पाहा. स्टेशन मास्तर, लोको पायलट, गार्ड हे ठराविक मुदतीने रिफ्रेशरला जातात. भुसावळच्या प्रशिक्षण संस्थेत राहून आलेले किती तरी साथी इथे बसले आहेत. टपालातील साथी बडोद्याच्या ट्रेनिंग सेंटरला जाऊन आले आहेत. ते दिवस ड्युटीत धरले जातात. सिग्नलची पद्धत बदलली किंवा पोस्टात कोअर बँकिंग आले, तेव्हा आधी शिकवा आणि मग खुर्चीवर बसवा, हे आपण साहेबाला सांगू शकलो. कारण चूक झाली तर गाडी रुळावरून उतरते, हे सगळ्यांना दिसते. शाळेत चूक झाली तर काही उलटत नाही. फक्त एक पिढी विज्ञान पाठ करून पास होते आणि विसरून जाते. ते नुकसान दिसत नाही, म्हणून त्याची चौकशी बसत नाही.

शिक्षकांचे प्रशिक्षण होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. होते. पण पुष्कळदा ते कसे असते? सभागृहात शे-दीडशे माणसे, समोर व्याख्यान, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र. ज्याला उद्या मुलांकडून प्रयोग करून घ्यायचे, त्याच्या हातात दिवसभरात एक परीक्षानळीही येत नाही. पुस्तक वाचून कपलिंग जोडता येते का, ते यार्डातील साथींनी सांगावे.

हे वेगळ्या रीतीने करता येते, हे आपल्याच देशात, आपल्याच लाइनवर दाखवून दिले गेले आहे. इटारसीहून जबलपूरकडे जाताना पिपरिया, बनखेडी ही स्टेशने लागतात. हा जुना होशंगाबाद जिल्हा, आता नर्मदापुरम. तिथे १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या दोन संस्थांनी १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांना प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला.

आपण त्याकडे पाहायचे ते त्यातील शिक्षक-प्रशिक्षणासाठी. उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांची शिबिरे होत. मुलांनी जे प्रयोग करायचे, तेच प्रयोग, त्याच साहित्याने, गट करून शिक्षक स्वतः करीत. दिल्ली विद्यापीठातील आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर मांडी घालून बसत. शिबिर संपले म्हणजे काम संपले, असे नव्हते. दर महिन्याला परिसरातील शिक्षक एकत्र जमत, कोणता प्रयोग फसला ते सांगत, तोड काढीत. कोणी तरी शाळेत येऊन वर्ग पाहून जाई. अनुभवी शिक्षक पुढे स्वतःच इतर शिक्षकांना शिकवू लागले. परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून आणि प्रयोग करायला लावून घेतली जाई.

टपालातील साथींनी एक गोष्ट मुद्दाम ऐकावी. त्या मुलांच्या पुस्तकात सवालीराम नावाच्या एका काल्पनिक माणसाचा पत्ता असे. मुले त्याला पत्र टाकून वाटेल तो प्रश्न विचारीत आणि प्रत्येकाला उत्तर जाई. खेड्यातल्या पोराचे ते पत्र आणि त्याचे उत्तर पोस्टमननेच पोहोचवले. म्हणजे या कामात आपलाही हातभार लागलेला आहे.

तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने एका हुकमाने बंद केला. आमच्यासारख्या युनियनवाल्याला त्यातून एकच धडा दिसतो. जी गोष्ट परवानगीवर चालते ती हुकमाने जाते. सेवाशर्तीत लिहिलेली गोष्ट काढायला सरकारला दहा वेळा विचार करावा लागतो.

आता प्रयोगशाळा सहायकाबद्दल बोलू, कारण त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतायचे, ॲसिडात पाणी नाही, नाही तर उकळून अंगावर उडते. सोडियम धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या बाटलीला काचेचे बूच लावले तर ते जाम बसते, म्हणून रबरी लावायचे. सिल्व्हर नायट्रेट गडद रंगाच्या बाटलीत ठेवायचे, कारण उजेडाने ते बिघडते. हे सगळे जुना सहायक नव्याला सांगतो. जुना निवृत्त झाला आणि जागा रिकामी राहिली, की हे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते आणि प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लागते. गँगमधला जुना कीमन गेल्यावर काय होते, ते आपण जाणतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. मुख्याध्यापकांसाठीही तीच अपेक्षा आहे. प्रयोगशाळा सहायक त्या ५० तासांत कुठेच नाही. शिवाय हे तास शाळेच्या वेळात की रात्री घरी मोबाइलवर, हा खरा प्रश्न आहे. मोबाइलवर माहिती मिळेल, पण ब्युरेटची तोटी थेंबाथेंबाने सोडायला बोटच लागते.

म्हणून शिक्षक व शिक्षकेतर संघटनांच्या खांद्याला खांदा लावून आपण चार मागण्या उचलून धराव्यात, असे आम्ही सुचवतो :

१. प्रशिक्षणाचे दिवस ड्युटीत धरावेत, प्रवासखर्च द्यावा आणि वर्गावर बदली शिक्षक द्यावा.
२. प्रशिक्षण हाताने करायचे असावे, आणि नंतर दरमहा शिक्षकांची बैठक व्हावी.
३. प्रयोगशाळा सहायकालाही प्रशिक्षणाचा तेवढाच हक्क असावा, सुरक्षिततेचे शिक्षण त्याला आधी मिळावे.
४. रिकाम्या जागा भराव्यात आणि जुन्या सहायकाच्या निवृत्तीपूर्वी नवा माणूस त्याच्या हाताखाली द्यावा.

हे बाहेरून पाहण्याचे काम नाही. तुमच्यातील अनेकजण शाळांच्या पालक सभांना जातात. तिथे मुलाचे मार्क विचारून परत येऊ नका. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. तुमच्या सरांना शेवटचे प्रशिक्षण कधी मिळाले, ते आदराने विचारा. सर दुखावले जाणार नाहीत, उलट आपल्या बाजूने कोणी तरी विचारले याचे त्यांना बरे वाटेल. मुंबईत असाल तर हार्बर लाइनवरच्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ पासून ते हेच काम करीत आहे, आणि सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांतही त्याने काम केले. अशा संस्थांशी आपल्या शाळांची गाठ घालून द्या.

आपल्या मुलांना आपल्यापेक्षा चांगली नोकरी मिळावी, असे आपल्याला वाटते. त्या नोकरीची पहिली पायरी सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या तासाला आहे. तो तास घेणाऱ्याच्या मागे आपण उभे राहिले पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!